नामंजुरीचे पेढे

मुंबईच्या उपनगरांत बांधकाम परवानगीचा अर्ज करण्यापूर्वी घराचा नकाशा तपासण्याचे काम कागदोपत्री वास्तुविशारदाचे असते आणि त्यानंतर महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्याचे. प्रत्यक्षात ते सोसायटीचे सभासद करतात. वास्तुविशारदाला त्यासाठी पाच वर्षे शिकावे लागते. सभासदाला जुन्या घरात तीस वर्षे काढलेली असली की पुरते.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे मोकळ्या जमिनीवर स्वतःचा बंगला बांधायला निघालेला माणूस आता सहसा आढळत नाही. त्यामुळे तिथे ‘घराचा प्लॅन’ म्हणजे पुनर्विकासाचा प्लॅन. 1957 साली मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत तळमजला अधिक तीन किंवा चार अशा बिनलिफ्टच्या इमारतींनी उपनगरे भरली. आता त्या इमारतींचे गज दिसू लागले आहेत आणि सभासदांचे गुडघे बोलू लागले आहेत. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मधला नियम 33 (7) (ब) तीस वर्षांपुढच्या सोसायट्यांना पुनर्विकासात जादा क्षेत्र देऊ करतो : मूळ बांधीव क्षेत्राच्या 15 टक्के किंवा दर सदनिकेमागे 10 चौरस मीटर, यांतले जे जास्त असेल ते. हा नियम तोंडपाठ असलेले आजोबा घाटकोपरच्या कुठल्याही बागेत सकाळी सहा वाजता भेटतात.

तपासणी नव्या प्लॅनपासून सुरू होत नाही. आधी जुने घर मोजावे लागते, कारण जादा किती मिळणार ते मूळ किती यावर ठरते. घराघरांत माणसे टेप घेऊन येणार अशी नोटीस बोर्डावर लागते आणि सोसायटीत दिवाळीपूर्वीची गडबड उडते. कपाटे भिंतीपासून पुढे ओढली जातात. त्यांच्यामागे सापडणाऱ्या वस्तूंचा (टिकलीचे पाकीट, 1998 चे विजेचे बिल, बुद्धिबळातला एक उंट) मोजणीशी संबंध नसतो, पण वेळ त्यातच जातो. खरा पेच बाल्कनीचा. उपनगरांतल्या बहुतेक घरांनी बाल्कनी ‘आत घेतलेली’ असते. हा मुंबई मराठीतला एक स्वतंत्र वाक्प्रचार आहे. मांजर आत घ्यावे तशी बाल्कनी आत घेतात. मधली भिंत काढायची, कठड्यावर सरकत्या काचा बसवायच्या, बाहेरून ग्रिल ठोकायचे. काही काळाने तिथे बाल्कनी होती याची आठवण फक्त लादीच्या बदललेल्या रंगात उरते. मग महापालिकेतून मूळ मंजूर नकाशाची प्रत काढली जाते आणि त्यात ती बाल्कनी तशीच उघडी, हवेशीर बसलेली दिसते. या घरातल्या मुलाने दहावीचा अभ्यास, नियमाप्रमाणे पाहिले तर, पावसात उभे राहून केलेला असतो.

प्लॅनवर लिहिलेले नाव आणि घरातला उपयोग यांची गाठ पडतेच असे नाही, आणि सभासदांची सगळी तपासणी या दोहोंमधल्या फटीत चालते. ही फट काही बिल्डरांनी एकट्यांनी पाडलेली नाही. तिला नियमांचा आधार होता. 1991 च्या नियमावलीच्या काळात बाल्कनी, फ्लॉवर बेड, निश, व्हॉइड अशा जागा चटईक्षेत्रात धरत नसत. ज्याला क्षेत्र म्हणत नाहीत ते जास्त दाखवावे, हे कोणाही हिशेबी माणसाला सुचण्यासारखे आहे. त्यामुळे काही वर्षे मुंबई हे कागदावर फुलांचे शहर होते. खोलीखोलीला फ्लॉवर बेड. प्रत्यक्षात त्यात शेवंतीचे एक रोप लागले असेल तर शपथ. ताबा मिळाल्यावर मधली भिंत पाडून लादी सरळ करून घ्यायची आणि त्या जागेत पलंगाचे डोके सारायचे, हीच रीत होती. 6 जानेवारी 2012 रोजी नियम बदलला. या जागा चटईक्षेत्रात धरल्या जाऊ लागल्या आणि त्याच्या बदल्यात निवासी इमारतींना पैसे भरून 35 टक्के ‘फंजिबल’ चटईक्षेत्र मिळू लागले. फुलांचा बहर एका अधिसूचनेने ओसरला.

नवा प्लॅन सभासदांपर्यंत पोचतो तो रात्री साडेदहाच्या सुमारास, व्हॉट्सॲपवर, पीडीएफ होऊन. ‘नकाशा’ हा शब्द फक्त महापालिकेच्या पत्रांत उरला आहे. बोलताना सगळे ‘प्लॅन’च म्हणतात. प्लॅन आला की प्रत्येक जण आधी आपला फ्लॅट शोधतो, मग समोरच्यांचा. आपला हॉल किती मोठा यापेक्षा समोरच्यांचा आपल्याहून किती मोठा, हे पाहायला फोनचा पडदा दोन बोटांनी जास्त ताणला जातो. अकराच्या आत पहिला संदेश येतो, ‘आमच्याकडे खिडकी दिसत नाही.’ खिडकी असते. प्लॅनमध्ये खिडकी म्हणजे भिंतीच्या जाडीत ओढलेल्या दोन-तीन बारीक रेघा, आणि दाराच्या जागी पाव वर्तुळ. ज्याने आयुष्यात कधी प्लॅन पाहिलेला नाही त्याला घरभर कोणीतरी पापडाचे तुकडे ठेवल्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रिंट काढतात. मूळ नकाशा 1 : 100 या प्रमाणात, मोठ्या कागदासाठी काढलेला असतो. झेरॉक्सवाला तो ए-थ्री कागदावर ‘बसवून’ देतो, म्हणजे कागदाच्या मानाने लहान करतो, आणि तेवढ्यात प्रमाण संपते. नकाशाच्या कोपऱ्यात अशा वेळेसाठीच सूचना असते की लिहिलेली मापे धरावीत, पट्टीने मोजू नये. ती सूचना भिंग लावल्याशिवाय वाचता येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका मात्र नातवाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन बसलेले असतात. एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, हे त्यांनी कुठेतरी वाचलेले असते. बेडरूम पाच फूट रुंद भरते. काका सेक्रेटरींना फोन करतात, सेक्रेटरी आर्किटेक्टला, आर्किटेक्ट झेरॉक्सची गोष्ट समजावून सांगतो. काका शांतपणे ऐकून घेतात. त्यांचा पट्टीवरचा विश्वास यानंतरही तसाच राहतो. आर्किटेक्टवरचा थोडा कमी होतो.

मापांचा घोळ इथे संपत नाही. भारतात दशमान मापे सक्तीची होऊन साठ वर्षे उलटली. महापालिकेचे नकाशे मीटरमध्ये असतात, करारनामे चौरस मीटरमध्ये. मुंबईकराचे मन मात्र अजून फुटात आहे. एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट, हा आकडा उपनगरात पावकीसारखा येतो. भाजीवाल्याशी पाच रुपयांवरून हुज्जत न घालणारा माणूस त्या .764 वरून सर्वसाधारण सभा थांबवू शकतो. अंधेरीच्या आजच्या भावाने त्या अपूर्णांकाची किंमत काढली तर तो फारसा चुकीचाही नसतो.

चौरस फूट कुठला, हा पुढचा प्रश्न. एके काळी बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप अशी क्षेत्रे होती. त्यांत जिना, लॉबी, पंपाची खोली आणि वॉचमनची केबिन यांचा आपापला वाटा प्रत्येक जण विकत घेई आणि तो कुठे ठेवावा हे कोणाला कळत नसे. 2016 च्या रेरा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या पक्की केली. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी वगळायची, घरातल्या आतल्या भिंतींची जाडी मात्र धरायची. म्हणजे नावाप्रमाणे ज्याच्यावर सतरंजी अंथरता येईल ते कार्पेट, आणि व्याख्येप्रमाणे हॉल आणि बेडरूममधली वीटसुद्धा कार्पेट. हे वाचल्यावर एखादा तरी सभासद मधल्या भिंती पातळ करायची सूचना मांडतो. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला त्याबद्दल विचारलेले नसते.

खोल्यांच्या बाबतीत नियमावली रोखठोक आहे. राहण्याची खोली किमान 9.5 चौरस मीटर, रुंदी किमान 2.4 मीटर. स्वयंपाकघर किमान 5.5 चौरस मीटर, रुंदी किमान 1.8 मीटर, म्हणजे पाच फूट अकरा इंच. यापेक्षा उंच माणसाला त्या स्वयंपाकघरात आडवे पडता येणार नाही. स्वयंपाकघरात आडवे कशाला पडायचे, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याकडे मे महिन्यात गावाहून पाहुणे येत नसावेत.

पण सभासद खोली मीटरमध्ये तपासत नाहीत, फर्निचरमध्ये तपासतात. प्लॅनमध्ये आर्किटेक्टने सोफा, पलंग, डायनिंग टेबल काढून दिलेले असते आणि सगळे कसे ऐसपैस दिसते. हे चित्रातले फर्निचर कुठल्याच दुकानात मिळत नाही. तो पलंग पाच फुटांचा आहे की साडेचार, हे लिहिलेले नसते. टेबलाच्या खुर्च्या कायम आत सारलेल्या असतात, त्यांवर कोणी बसत नाही. घरातल्या बाईच्या नजरेतून हे सुटत नाही. तिचा पहिला प्रश्न गोदरेजच्या कपाटाचा. हे कपाट सुमारे तीन फूट रुंद, साडेसहा फूट उंच, त्याचे दार बाहेर उघडते आणि आत लॉकर, लॉकरमध्ये मंगळसूत्राची पावती. ते विकायचे नाही हे ठरलेले असते. आता कपाट बेडरूमच्या या भिंतीला ठेवले तर त्याचे दार पलंगाला आपटते. त्या भिंतीला ठेवले तर खोलीचे दार कपाटाला. खिडकीखाली ठेवता येत नाही. आर्किटेक्ट म्हणतो, ‘मॅडम, इथे आपण वॉर्डरोब दिलाय, बिल्ट-इन.’ त्यावर मॅडम जे उत्तर देतात त्याचा मथितार्थ असा, की कपाट माहेरचे आहे.

दुसरी वस्तू फ्रीज. मुंबईच्या वन-बीएचकेत फ्रीज हॉलमध्ये असतो, त्यावर क्रोशाचा रुमाल, त्यावर कुठल्याशा सहलीहून आणलेली मूर्ती. नव्या घरात तो स्वयंपाकघरात जावा ही सार्वत्रिक इच्छा. प्लॅनमध्ये ओट्याच्या टोकाला एक चौकोन आणि त्यात ‘आर’ किंवा ‘आरईएफ’ लिहिलेले असते. तो फ्रीज आहे हे कळल्यावर दार कुठल्या बाजूला उघडणार, हा प्रश्न येतो. तो नियमावलीत कुठेही नाही, पण चुकला तर पुढची वीस वर्षे कोथिंबीर काढायला तिरके उभे राहावे लागते. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत मराठी आणि गुजराती कुटुंबे एका जिन्यावर राहतात. त्यांच्या मागण्या भाषेप्रमाणे वेगळ्या सुरू होतात आणि एकाच जागी पोचतात. एकाला मोरी हवी असते, दुसऱ्याला चोकडी. आर्किटेक्टने दोघांना ‘युटिलिटी’ दिलेली असते. तीन फूट बाय चार फूट. त्यात वॉशिंग मशीन बसते आणि ते बसल्यावर माणूस बसत नाही. कपडे वाळत घालायच्या दांड्या कुठे, हे कुठल्याच प्लॅनमध्ये दाखवत नाहीत. चित्रातल्या कुटुंबाचे कपडे ओले होत नसावेत. कबुतरेही दाखवत नाहीत, नाहीतर डक्टची जागा कितीशी उरली असती.

ओपन किचनच्या बाबतीत सभा उभी फाटते. मुलगा आणि सून बाजूने असतात, सासूबाई विरुद्ध. सासूबाईंचा मुद्दा फोडणीचा असतो. बांगड्याचा वास सोफ्यात किती दिवस राहतो याचा अनुभव त्यांच्याकडे असतो, सुनेकडे फक्त फोटो असतात. हा प्रश्न प्लॅनवर एका भिंतीचा, चार इंच जाडीचा आहे. शेवटी तिथे सरकते दार लिहिले जाते.

मग वास्तुशास्त्र येते. नकाशावर उत्तरेचा बाण असतो, पण उत्तर कागदाच्या वरच्या बाजूलाच असते असे नाही, ती प्लॉटप्रमाणे तिरकी जाते. सभासद प्रिंट जमिनीवर ठेवून, फोनमधले होकायंत्र लावून कागद फिरवतात, मग स्वतः फिरतात. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, आणि ईशान्येला शौचालय बिलकूल नको, एवढे बहुतेकांना पाठ असते. इथे वास्तुशास्त्राची गाठ भूमितीशी पडते. एका मजल्यावर चार फ्लॅट, ते आरशातल्या प्रतिमेसारखे एकमेकांना जोडलेले, कारण नळांचा डक्ट दोघांत एक. ज्या दोन फ्लॅटांचे स्वयंपाकघर आग्नेयेला येते त्यांच्या प्रतिमांचे नैर्ऋत्येला जाणारच. चौघांनाही आग्नेय द्यायची असेल तर सूर्य दोन ठिकाणी उगवायला हवा. आर्किटेक्ट हे बोलत नाही. तो म्हणतो, ‘शेगडी पूर्वेकडे तोंड करून ठेवता येईल,’ आणि तडजोड होते. या शास्त्राला मुंबईत जो मान आहे तो त्याच्या लवचीकपणामुळे आहे.

कागदावर समाधान होत नाही असे पाहून काही सोसायट्यांत एक उपाय करतात, तो या सगळ्या तपासणीत सर्वांत शहाणपणाचा आहे. रविवारी संध्याकाळी गच्चीवर जाऊन नवा फ्लॅट खडूने खऱ्या मापात आखायचा. एक जण फोनमधून मापे वाचतो, दोघे टेप धरतात, शाळेतली मुले रेघा ओढतात. अर्ध्या तासात पाण्याच्या टाकीच्या सावलीत टू-बीएचके तयार होतो. मग माणसे आत जातात आणि चमत्कार होतो तो इथे. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खडूच्या दाराशी थबकतात, चपला बाहेर काढतात आणि मगच हॉलमध्ये पाऊल टाकतात. एक लहान मुलगा बेडरूममधून सरळ स्वयंपाकघरात धावत जातो तर त्याची आई ओरडते, ‘अरे, भिंत आहे ना तिथे!’ कोणी दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून सोफा करते. बाथरूममध्ये उभे राहून एक गृहस्थ दोन्ही हात पसरून पाहतात. एक हात रेघेच्या पलीकडे, शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये जातो. ‘लहान आहे,’ असे ते म्हणतात. उघड्या आकाशाखाली कुठलीही खोली आहे त्यापेक्षा लहान दिसते, हे बांधकामातल्या माणसांना ठाऊक असते. चौथऱ्यावर आखणी झाली की प्रत्येक घरमालक घाबरतो आणि भिंती वर आल्या की सावरतो. पण गच्चीवर हे सांगणारा कोणी नसतो, म्हणून बाथरूम तीन इंचांनी वाढवण्याची मागणी इतिवृत्तात जाते. ते तीन इंच बेडरूममधून जाणार आणि तिथे गोदरेजचे कपाट आहे, हे सोमवारी लक्षात येते.

घराबाहेरच्या भागाकडे सभासदांचे लक्ष तुलनेने कमी असते, आणि तिथेच पाहण्यासारखे बरेच असते. लिफ्ट पाहताना ‘स्ट्रेचर जाईल का?’ हे सगळे विचारतात, कोणासाठी ते कोणी बोलत नाही. इमारत उंच झाली की अग्निशमन दलाच्या अटीप्रमाणे मध्येच रेफ्यूज एरिया सोडावा लागतो, आगीच्या वेळी माणसांनी जमायची मोकळी जागा. ही जागा मोकळीच ठेवायची असते. प्लॅन पाहतानाच महिला मंडळ तिथे हळदीकुंकू ठरवते आणि मुले स्टंप. सोसायटी ऑफिस आणि फिटनेस सेंटर यांना चटईक्षेत्रातून सूट आहे, म्हणून ती जवळपास प्रत्येक प्लॅनमध्ये असतात. सोसायटी ऑफिसात कॅरमबोर्ड जातो. फिटनेस सेंटरात जुन्या खुर्च्या.

पार्किंगवर मात्र चर्चा रंगते. नियमावलीप्रमाणे मोठ्या गाडीची जागा 2.5 मीटर बाय 5.5 मीटर, लहान गाडीची 2.3 मीटर बाय 4.5 मीटर. गुणाकार केला तर मोठ्या गाडीला 13.75 चौरस मीटर मिळतात आणि लहान गाडीला 10.35. माणसाच्या खोलीचे किमान माप वर आलेच आहे : साडेनऊ. म्हणजे मुंबईत किमान मापाची खोली मिळालेला माणूस आपल्या छोट्या गाडीकडे जरा आदराने पाहील. शिवाय गाडीच्या खोलीत कपाट ठेवायचे नसते. स्टिल्टखालची ही जागा स्वतंत्र विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑगस्ट 2010 रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सांगितले. त्यामुळे ती आता विकत नाहीत, ‘देतात’. जागा पुरत नसेल तर प्लॅनमध्ये गाड्या एकावर एक दाखवतात. आपली गाडी खालची की वरची, या प्रश्नावर पन्नास वर्षांची मैत्री डळमळते. वरच्या गाडीचा मालक सकाळी सात अठराची लोकल पकडणारा असेल तर त्याने गाडी घेतलीच कशाला, असा टोला खालचा मारतो. उत्तर अर्थातच ‘पार्किंग मिळतंय म्हणून.’

काही गोष्टी सभासदांच्या हातात नसतात. अंधेरी, घाटकोपरवरून विमाने जातात, तिथे इमारतीने किती वर जायचे हे विमानतळ प्राधिकरण ठरवते. प्लॉटवरच्या झाडांना 1975 च्या कायद्याचे संरक्षण आहे. त्यामुळे नकाशावर प्रत्येक झाडाला क्रमांक पडतो आणि ज्या नारळाने गेली वीस वर्षे पार्क केलेल्या गाड्यांच्या काचा फोडल्या त्याचीही नोंद आदराने होते. चहूबाजूंनी सोडायची जागा कमी पडली तर तीही अडचण सुटते. तुटीबद्दल अधिमूल्य भरून सवलत घेता येते. हवा कमी येणार त्याचे पैसे द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे, आणि शेवटी ते पैसे कोणाच्या खिशातून जातात यावर सभेत बराच वेळ शांतता असते.

मग मतदान. राज्य सरकारने सहकार कायद्याच्या कलम 79 (अ) खाली पुनर्विकासाची कार्यपद्धती 3 जानेवारी 2009 रोजी घालून दिली आणि 4 जुलै 2019 रोजी सुधारली. सभेचे चित्रीकरण करावे लागते. कॅमेरा लागल्यावर, एरवी ‘ए, बस खाली’ म्हणणारे सभासद ‘माननीय अध्यक्ष महोदय’ म्हणू लागतात. आधी पंचाहत्तर टक्के संमती लागायची, सुधारणेनंतर एक्कावन्न टक्के बहुमत पुरते. हा बदल ज्याने सुचवला त्याने उपनगरातली एखादी तरी सभा समोशांपर्यंत बसून पाहिली असणार. सूचना लिहून घेतल्या जातात, त्यांपैकी परस्परविरोधी वगळल्यावर तीन उरतात, आणि प्लॅन ‘किरकोळ दुरुस्त्यांसह’ मंजूर होतो.

दाखल करायच्या नकाशात रंगांनाही नियम आहेत. प्रस्तावित काम लाल, पाडायचे काम पिवळ्या तिरक्या रेघांनी. सभासद एवढे दिवस लाल भाग तपासत असतात. पिवळ्याकडे नजर जाते ती सही करताना. ज्या खोलीत बसून सही चालली आहे ती खोली पिवळ्या रेघांत असते. पेन मिनिटभर थांबते, कोणीतरी चहा विचारतो.

आता अर्ज. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 337 प्रमाणे बांधू इच्छिणाऱ्याने आयुक्तांना नोटीस द्यायची असते. बांधायची परवानगी मागणारा नागरिकच महापालिकेला नोटीस देतो, हे ऐकायला फार रुबाबदार वाटते. त्यावर महापालिका कलम 346 खाली उत्तर देते. या उत्तराचे नाव ‘इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल’, थोडक्यात आयओडी, मराठीत नामंजुरीची सूचना. अर्थ : अमुक अमुक अटी पुऱ्या होईपर्यंत नामंजूर, म्हणजे त्या पुऱ्या केल्यात तर मंजूर. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ या शहरात होकाराचे अधिकृत नाव नकार आहे. लग्नाच्या बोलण्यांत मुलीकडच्यांना ‘कळवतो’ म्हणण्याची जी रीत आहे, तिचा हा उलटा प्रकार. अटी एकामागून एक येतात. पाण्याच्या टाकीत डास शिरू नयेत, कीटकनियंत्रण अधिकाऱ्याचे ना-हरकत पत्र आणावे, अग्निशमन दलाचे आणावे, राडारोडा नीट हलवावा. त्यांत कपाट, फ्रीज, आग्नेय दिशा यांपैकी काही नसते. त्यानंतर 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखालचे प्रारंभ प्रमाणपत्र मिळाले की खोदकाम सुरू होते.

आयओडी आल्याची बातमी ग्रुपवर रात्रीच येते. दुसऱ्या दिवशी सोसायटीत पेढे वाटतात. शेजारच्या इमारतीतला नवखा भाडेकरू विचारतो, ‘काय झालं?’ सेक्रेटरी हसतमुखाने सांगतात, ‘डिसअप्रूव्हल आलं!’ आणि त्याच्या हातावर पेढा ठेवतात. तो घाबरत घाबरत खातो.

पुढे काम प्लिंथपर्यंत येते न येते तोच बिल्डर जादा चटईक्षेत्र वापरायला ‘अमेंडेड प्लॅन’ टाकतो. फरक किरकोळ आहे असे तो सांगतो. भाड्याच्या घरी, दहिसरला किंवा ठाण्याला, काका नातवाची कंपासपेटी उघडतात.